तारण

संदेश आवळेनं गिटार माझ्याकडं तारण ठेवली
चार हजारांवर, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात.
‘कव्हर फाटलंय ते बघू नका दाजी, माल चोख हाय,’
म्हणाला, आणि गेला चाकणला, कुठल्याशा कंपनीत.
गाणारा गडी. नाताळला चर्चमध्ये तोच वाजवायचा.
‘तारण’ म्हणताना जरा हसला.
ते हसू मला शेडला कुलूप लावताना कळलं.

मी उद्यमनगरातला टर्नर.
बावीस वर्षं लोखंडाची साल काढतो.
एकादशीला भजनात पेटी धरतो,
एवढंच माझं गाणं.

तिसऱ्या तारेची किल्ली आतून झिजलेली.
रात्री मध्यमावर चढवून ठेवावी
तर सकाळी ती गंधारावर,
आणि तोही कोमल.
पितळेचं एवढंसं दातेरी चाक.
जेवणाच्या सुट्टीत नवं कापून झालं असतं.
माप घेतलं. कागदावर लिहिलं. कागद खिशात ठेवला.
पँटबरोबर धुऊन निघाला.

मग एका रात्री, लाइट गेलेली,
शेजारच्या फौंड्रीतली वाळू अजून गरम,
म्हटलं, ही वर राहत नाही
तर बाकीच्यांनी खाली यायला काय हरकत आहे?

पहिली रिषभावरून षड्जावर.
दुसरी धैवतावरून पंचमावर.
सहावी, ती जाडजूड, तिलाही षड्जावर आणली,
तशी ढिली पडून पट्ट्यांवर खरखरायला लागली,
झोपेतल्या म्हाताऱ्यासारखी.
चौथी आणि पाचवी जागची हलली नाहीत.
त्यांचं आधीपासूनच ठरलेलं असावं.

तार उतरवताना एक गोष्ट मला कुणी शिकवावी लागली नाही:
हवी त्याहून थोडी जास्त उतरवायची,
मग हळूच वर येऊन थांबायचं.
लेथच्या स्क्रूत पण असाच ढिलेपणा असतो.
एकाच बाजूनं मापाला यावं,
नाहीतर हात सोडल्यावर माप पळतं.

सहाही तारांवरून अंगठा फिरवला.
काही दाबलं नव्हतं.
अंधारात शेड आहे त्याहून लांब वाटली.

संदेशला फोन केला. त्यानं ऐकलं, थोडा वेळ गप्प.
‘ह्याला मायनर म्हणत्यात दाजी. उघडा मायनर.’
आमच्या कागलकडं मायनर म्हणजे कालव्याचा धाकटा फाटा,
पाणी सगळ्यात शेवटी जिथं पोचतं
किंवा पाळी संपल्यामुळं पोचत नाही.
त्याला हे सांगितलं नाही.
पैशाचं त्यानं काढलं नाही, मीही.

आता कुठंही बोट आडवं टाकावं,
पाचव्या पट्टीवर, सातव्या,
तेच दुःख जरा उंचावर जाऊन उभं राहतं.
वैजयंता म्हणाली, ‘मयताचं वाजवताय व्हय? पोरं झोपलीत.’
दुसऱ्या दिवशी भाकऱ्या उरकून
दारातच बसली, परात मांडीवर तशीच.
‘कालचं तेच,’ म्हणाली.

एक सापडलंय.
तिसऱ्या तारेवर पहिल्याच पट्टीत बोट ठेवलं
की गंधार शुद्ध होतो.
बाकी सगळं होतं तिथंच, आणि एकदम ऊन.
एक बोट, एकच पट्टी.
पण ते दाबून धरावं लागतं.
माझी बोटं कूलंटनं चिरलेली, तार आत जाते.
सोडलं की परत कोमल,
मागं सरकलेल्या माणसासारखा, तक्रार न करता.
मी धरतो, सोडतो. धरतो.
वैजयंता परत परत विचारत नाही कुठलं कुठलं.

काल संदेशचा निरोप आला.
मार्चमध्ये येतोय, पैसे घेऊन.
‘तारा आहेत तशाच ठेवा,’ असंही.
आहेत तशा म्हणजे
त्याच्या की माझ्या?

चाक कापून ठेवलंय आज. चोवीस दाते.
काडेपेटीत घालून कव्हरच्या फाटक्या खिशात टाकलंय.
बसवायचं त्याचं तो बघेल.